सातव्या तळघरातला टोप

जमिनीवर पडलेली चांगली वस्तू ह्वाजा इमोला बघवत नसे. सगळं सुरू झालं ते त्यामुळेच.

डोंगरातल्या आमच्या तेबेक गावच्या कोळशाच्या खाणी एकामागून एक बंद झाल्या, माणसं गाव सोडून गेली, आणि खाणकामगारांच्या सोसायटीचं जुनं रेशन दुकान कुलूप लावून पडलं. मी इंचॉनच्या कारखान्यातून परत आले तेव्हा तेच दुकान भाड्याने घेतलं, भिंतींना रंग दिला आणि ओळीने कॉम्प्युटर मांडले. बाहेर ‘पीसी बांग’ अशी पाटी लावली, म्हणजे तासाचे पैसे देऊन कॉम्प्युटरवर खेळायचा हॉल. शेजारीच ह्वाजा इमोची खानावळ होती. ती माझी सख्खी मावशी नव्हे. पण लहानपणापासून तिच्या हातचं खाल्लेलं, म्हणून इमो. दुपारी माझ्याकडच्या गिऱ्हाइकांना भूक लागली की ती गुकबापची भांडी परातीत ठेवून, परात डोक्यावर घेऊन यायची. भात घातलेला तो रस्सा इतका गरम असायचा की मांडीवर सांडला तर माणूस खेळ विसरेल.

त्या वर्षी सगळा देश ‘काळं भुयार’ खेळत होता. खेळ सोपा. आपला एक लढवय्या घ्यायचा, तळघरात उतरायचं, समोर येईल त्याला मारायचं. मेलेल्यातून काहीतरी खाली पडतं, ते उचलायचं, अंगावर चढवायचं आणि आणखी खालच्या तळघरात जायचं. बाहेरून बघणाऱ्याला वाटावं, यात आहे काय?

एका दुपारी इमो परात घेऊन एका गिऱ्हाइकाच्या मागे थबकली.

“अरे ए, तो हाडांचा सापळा मेला ना?”

“मेला, अजुम्मा.” काकू म्हणावं तशी गिऱ्हाइकं तिला ही हाक मारत.

“मग त्याच्यातून चमकून काय पडलं?”

“अंगठी. साधीच आहे. नको ती.”

“नको? अंगठी नको? आणि तशीच टाकून चाललास? कुणाच्या घरचा रे तू? उचल आधी!”

तो हसत सुटला. उचलली त्याने. पण पुढच्या खोलीत पुन्हा काहीतरी पडलं, त्याचं लक्ष नव्हतं, आणि इमोने परात बाजूच्या टेबलावर आपटून त्याच्या हातावर हात ठेवून स्वतःच माउस ओढला. त्या दिवशी खानावळीत रस्सा करपला.

तिच्या नजरेचं मला नवल वाटलं नाही. तिचा नवरा खाणीतल्या अपघातात गेला, त्यानंतर कंपनीने तिला पट्ट्यावर कामाला घेतलं होतं. समोरून पट्टा सरकतोय, त्यावर कोळसा आणि दगड एकत्र वाहतायत, आणि बायकांनी उभं राहून दगड तेवढा उचलून फेकायचा. सगळंच काळं, सगळंच ओलं. कित्येक वर्षं तिने तेच केलं. अंधाऱ्या पडद्यावर पडलेल्या वस्तूच्या नावाची नखाएवढी निळी अक्षरं उमटायची, ती आमच्यातल्या तरण्याताठ्यांना दिसायच्या आत इमोला दिसत.

अप्पांना मात्र हा सगळा पोरखेळ वाटे. माझे वडील, प्यो किल-सू, दुसऱ्या पाळीचे मुकादम होते. आता छातीत धूळ बसलेली. डॉक्टरांनी चढ चढायला बंदी केलेली, आणि तेबेकमध्ये चढ नाही असा रस्ता नाही. म्हणून ते सकाळीच हळूहळू खाली उतरून माझ्याकडे येत, शेगडीजवळ बसत, सातूचा चहा पीत आणि खेळणाऱ्यांकडे बघून नाक मुरडत.

“मुकादम,” इमो एकदा म्हणाली, “जन्म जमिनीखाली काढलात. या की एकदा आमच्याबरोबर खाली.”

“हाडांशी मारामारी करायला? मला काय वेड लागलंय, वहिनी?”

“घाबरला असाल तर राहू दे.”

बस्स. दुसऱ्या मिनिटाला अप्पा कोपऱ्यातल्या खुर्चीत होते. लढवय्या निवडताना मी विचारलं, हातात काय देऊ? कुदळवाला एक होता यादीत. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं! “पुन्हा कुदळ? तलवार दे. आणि ती ढाल दे, मोठी.”

पहिल्या तळघरातच ते दोनदा मेले. हॉलमध्ये हशा पिकला. तिसऱ्यांदा त्यांनी एक सापळा मारला आणि त्यातून बुटांचा जोड पडला. फाटका, मातकट.

“हे कुणाचं?” अप्पांनी विचारलं.

“तुमचं.”

“तसं नाही. वर नेऊन द्यायचं कुणाला?”

“कुणाला नाही, अप्पा. तुम्ही मारलंत, तुमच्या पुढ्यात पडलं. तुमचंच.”

“सगळं?”

“इथे पडेल ते सगळं.”

त्यांनी माउसवरून हात काढला आणि थोडा वेळ नुसते त्या बुटांकडे बघत बसले. मग म्हणाले, “घालायचे कसे, दाखव.”

त्यानंतर ते शेगडीजवळ बसलेले कुणाला दिसले नाहीत.

या खेळात काय आहे, असं मला लोक विचारत. मी सांगे, तुम्ही एकदा तो आवाज ऐका. राक्षस कोसळतो, आणि त्याच्या पाठोपाठ फरशीवर काहीतरी टण्णकन पडतं. पांढरं नाव म्हणजे साधी वस्तू, निळं म्हणजे बरी, पिवळं म्हणजे नशीब. आणि विस्तवाच्या रंगाचं नाव म्हणजे राजवस्तू. तिचा आवाजही वेगळा, देवळातल्या घंटेसारखा घुमणारा. ती महिनोन्‌महिने पडत नाही. पण पुढच्या दाराआड पडणारच नाही असंही कुणी म्हणू शकत नाही. म्हणून माणूस म्हणतो, एवढं एक दार उघडतो आणि उठतो. मी हॉलची मालकीण, शटर लावायची वेळ झाली की सगळ्यांना हाकलणारी. आणि शेवटी माझंच दार उघडायचं राहिलेलं असे.

राजवस्तूचा एक नियम होता. जो ती जमिनीवरून पहिल्यांदा उचलेल, त्याच्याच नावाला ती कायमची चिकटणार. मग विकता येत नाही, देता येत नाही. आणि पडते ती सगळ्यांच्या मध्ये, उघड्यावर. ज्याचा हात आधी पोचला त्याची. यापायी एकत्र खेळणाऱ्या टोळ्या देशभर फुटत होत्या. जिवाभावाचे मित्र एकमेकांना चोर म्हणून मोकळे होत होते.

अप्पांनी आमच्या टोळीत पहिल्याच दिवशी सांगितलं, “आपल्यात नंबर लागणार. एक वहिनींना, मग मला, मग मिरानला, मग चौथ्याला. ज्याचा नंबर, त्याची वस्तू. बाकीच्यांनी माउसवरचा हात उचलायचा.” मिरान म्हणजे मी.

टोळीचं नाव त्यांनी ठेवलं ‘दुसरी पाळी’. आणि आम्ही खेळायचो ते एका जिवाच्या मैदानात. तिथे लढवय्या मेला की मेला. त्याच्या अंगावरची प्रत्येक वस्तू त्याच्याबरोबर जाते. पुन्हा पहिल्या तळघरापासून उघड्या अंगाने सुरुवात. अप्पांना दुसरं मैदान आवडलंच नाही. “मेल्यावर पुन्हा उठून उभं राहायचं असेल, तर सांभाळून चालायचं कशाला?” म्हणत.

अप्पा ढाल घेऊन पुढे, इमो कुऱ्हाड घेऊन त्यांच्या उजव्या हाताला, मी मागून औषधाचे मंत्र टाकणार. चौथे तिरंदाज होते, अप्पांचे जुने सोबती, तेही खाणीतले. आम्ही सहाव्या तळघरापर्यंत पोचलो. तिथे माझ्या नंबराला एक राजवस्तू पडली, हातमोज्यांची जोडी. आणि नेमके त्यानंतर आमचे तिरंदाज मुलाकडे कायमचे राहायला आन्सानला गेले आणि त्यांचा खेळ सुटला. सातव्या तळघराचं दार चौघांशिवाय उघडत नाही.

सातव्या तळघरात भुयाराचा राजा होता. एका जिवाच्या मैदानात त्याला मारलेलं कुणी आमच्या ऐकण्यात नव्हतं. त्याच्या डोक्यावर टोप होता, कपाळावर लाल खडा असलेला, आणि तो मेला की टोप पडतो असं सगळे म्हणत. अप्पा त्या टोपाचं चित्र काढत बसत. खरंच, वर्तमानपत्राच्या कडेला.

चौथ्याच्या शोधात खेळातच एक जण भेटला. नाव ‘पांढरा कोल्हा’, राहणार सोल, तिरंदाज म्हणून अव्वल. पण त्याला कुणी टोळीत घेत नव्हतं, कारण दोनदा त्याने दुसऱ्यांच्या पुढ्यातल्या राजवस्तू उचलून पळ काढला होता.

“चोर आहे तो,” मी म्हटलं.

“हात चपळ आहे,” अप्पा म्हणाले. “चपळ हाताला काम द्यावं, म्हणजे तो दुसऱ्याच्या खिशात जात नाही. लिही त्याला.”

अप्पांना टाइप करायला वेळ लागे, म्हणून मीच लिहिलं: आमच्यात नंबर लागतो. आता चौथ्याचा नंबर आहे. पुढची राजवस्तू तुझी. चालेल?

बऱ्याच वेळाने उत्तर आलं: चेष्टा करताय का?

अप्पा म्हणाले, “लिही, मुकादम चेष्टा करत नाहीत.”

“करतात,” इमो बाजूच्या खुर्चीतून म्हणाली, “पण ती कुणाला कळत नाही.”

तो टोळीत आला. आठवडाभर आमच्याबरोबर वरच्या तळघरांत फिरला. पिवळ्या वस्तू पडल्या तरी लांब उभा राहायचा, मांजर नव्या घरात राहतं तसा. आणि मग एका रविवारी, बाहेर बर्फ पडत असताना, जेवणं उरकून आम्ही सातव्या तळघरात उतरलो.

ती लढाई मी इथे सगळी सांगत बसत नाही. अप्पांनी राजाला एका कोपऱ्यात दाबून धरलं आणि हलू दिलं नाही. कोल्ह्याचे बाण एकामागून एक लागत होते, आणि इमो प्रत्येक घावाला राजाच्या आईबापांचा उद्धार करत होती. हॉलमधली गिऱ्हाइकं आपापले खेळ सोडून आमच्या मागे गोळा झाली. राजा कोसळला. घंटा घुमली. काळ्या फरशीवर विस्तवाच्या रंगात अक्षरं उमटली: भुयारराजाचा टोप.

ओरडा असा झाला की छत उडावं. आम्ही तिघांनी माउसवरचे हात उचलले. इमोने तर दोन्ही हात पाठीमागे धरले.

“उचल, कोल्ह्या,” अप्पा म्हणाले. मी लिहिलं. तो हलला नाही.

“लाजतोय,” इमो म्हणाली.

पुन्हा लिहिलं. तो तसाच, धनुष्य अर्धवट उचलून उभा. आणि बघता बघता तो धूसर झाला आणि नाहीसा झाला.

“लाइन तुटली,” मागून कुणीतरी म्हणालं.

आता काय करायचं हे आम्हाला कळेना. तो परत आला तरी त्याला पहिल्या तळघरापासून चालत खाली यावं लागणार. आम्ही या मजल्यावर आहोत तोवर टोप जमिनीवर राहणार. आम्ही सगळे वर गेलो की मजला मिटणार, टोपही जाणार. आणि राजा मेल्याबरोबर चारी बाजूंच्या बोगद्यांतून त्याची फौज यायला सुरुवात झाली होती. दुसऱ्या मैदानातले लोक म्हणूनच झडप घालून, उचलून, लगेच वर पळत.

“मुकादम,” इमो हळूच म्हणाली, “तो कदाचित येणारही नाही.”

“कदाचित.”

“मग उचला तुम्ही. तुम्हाला हवा होता. मिरानला विचारा, मला विचारा, दोघी हो म्हणू. आमच्यापैकी कुणी कुणाला सांगणार नाही.”

मी अप्पांकडे बघितलं. तो टोप त्यांच्या लढवय्याच्या पायाशी पडला होता. एकदा बोट दाबायचं, बस्स. मला, खरं सांगते, त्यांनी उचलावा असंच वाटत होतं. माझे वडील, आयुष्यात कधी नव्हे ते काहीतरी देशात पहिल्यांदा मिळवत होते.

“नंबर त्याचा आहे,” अप्पा म्हणाले. “टोप मध्ये घ्या. पाठीला पाठ लावा. मिरान, औषध जपून वापर.”

“आणि मेलो तर?”

“ज्याला वर जायचंय त्याने जावं. मी रागावणार नाही.”

इमोने तोंडातल्या तोंडात काहीतरी शिवी घातली आणि कुऱ्हाड सरसावली.

फौज येतच राहिली. एक लाट मोडावी तर दुसऱ्या बोगद्यातून दुसरी. त्यांच्यातूनही वस्तू पडत होत्या, निळ्या, पिवळ्या, आमच्याभोवती नुसता सडा. आणि उचलायला वाकायची सोय नाही. इमोला त्याचाच जास्त त्रास. “पिवळी अंगठी, मिरान! पिवळी! देवा रे, पायाखाली तुडवतेय मी!” मागे उभे असलेले हसत होते, मग हळूहळू हसायचे थांबले. माझी औषधं संपत आली. अप्पांचा श्वास मला शेजारच्या खुर्चीतून ऐकू येत होता, शिट्टीसारखा.

तेवढ्यात पडद्याच्या खाली अक्षरं उमटली: आमच्या भागात वीज गेली. दुसरीकडे पळत आलो. तिसऱ्या तळघरात आहे. टोप गेला असेल ना?

मी एका हाताने लिहिलं: आहे. ये.

पुढे तो काही लिहीना. नुसता धावत होता. त्याचा ठिपका आमच्या नकाशावर चौथ्यात दिसला, पाचव्यात दिसला. एकटा, न लढता, वाटेतल्या सगळ्यांना चुकवत.

शेवटची लाट सगळ्यात दाट होती. माझ्याकडे औषधाचा एकच मंत्र उरला होता. अप्पांचंही रक्त तळाला, इमोचंही. मी कुणावर टाकू ते ठरवत होते, तर इमो ओरडली, “मुकादमांवर टाक! ढाल पडली तर सगळेच मेलो!” आणि ती अप्पांच्या बाजूची फळी सोडून माझ्या आणि बोगद्याच्या मध्ये येऊन उभी राहिली. मी अप्पांवर टाकला. कोल्हा दारातून आत आला तेव्हा इमोची कुऱ्हाड अजून फिरत होती. त्याचा पहिला बाण सुटला आणि त्याच क्षणी ती पडली.

तिचा पडदा काळा झाला. त्यावर तिचं नाव, ‘पोलादी इमो’, आणि खाली एक छोटंसं थडगं.

तिच्या लढवय्याच्या दहाही बोटांत अंगठ्या होत्या. एकेक अंगठी कुठल्या तळघरात, कुणातून पडली ते तिला पाठ होतं. सगळ्या गेल्या.

कोल्ह्याने टोप उचलला. आम्ही तिघं वर आलो.

इमोने चष्मा काढला, एप्रनला पुसला, पुन्हा घातला. “रस्सा लागत असेल,” म्हणाली आणि उठून गेली. अप्पा तिच्या रिकाम्या खुर्चीकडे बघत राहिले. थोड्याच वेळात ती हातात रश्श्याचा डाव घेऊन पुन्हा दारात.

“मिळाला का त्याला? की एवढं होऊन धांदरटाने दुसरंच काहीतरी उचललं?”

“मिळाला, वहिनी.”

“मग झालं.” आणि गेली.

पुढच्या शनिवारी, ऐन दुपारी, एक माणूस हॉलचं दार ढकलून आत आला. पंचविशीच्या पुढचा, काटकुळा, पायात बर्फाला मुळीच न चालणारे सोलचे पातळ बूट. त्याने सगळ्यांवरून नजर फिरवली आणि विचारलं, “पोलादी इमो कुठे बसतात?”

अप्पांनी त्याला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि हनुवटीने भिंतीपलीकडे दाखवलं. मग स्वतःच उठले. मीही मागोमाग गेले.

इमो कांद्याची पात चिरत होती. मान वर न करता म्हणाली, “एक वाडगं की दोन?”

“मी... मी पांढरा कोल्हा. कु बॉन-हो.”

सुरी थांबली. “तू? एवढासा? घरी खायला घालतात की नाही?”

तो खानावळीच्या ओल्या फरशीवर गुडघे टेकून बसला, कपाळ जमिनीला लावलं.

“ऊठ, ऊठ! पॅन्ट भिजेल. तिथे आत्ताच मासे धुतलेत.”

तो उठला नाही. “तुम्हाला वर जाता आलं असतं. मी कोण तुमचा? लोकांनी सांगितलं असेल मी कसा आहे ते. का थांबलात?”

“मुकादम थांबले म्हणून. मिरान थांबली म्हणून. एकटी वर जाऊन काय करणार होते मी, शेवया उकडणार होते?”

तो हसला नाही. इमोने सुरी बाजूला ठेवली. हात पुसले. ती बोलली ते मी त्याआधी कधी ऐकलं नव्हतं.

“माझा नवरा या मुकादमांच्याच पाळीत होता. छत कोसळलं तेव्हा बाकीच्यांना वर यायची वाट मोकळी होती. पण एकही जण वर आला नाही. त्याला काढल्यावरच आले. जिवंत नव्हता, पण त्याला घेऊनच आले. हे सगळं मला नंतर कुणीतरी सांगितलं. कारण बाईने खाणीच्या तोंडाशी उभं राहायचं नाही, अपशकुन होतो म्हणे. मी घरात भिंतीकडे बघत बसले होते.” तिने वाडगं घेतलं, त्यात भात घातला. “या वेळेला मी घरात नव्हते. मीही खालीच होते. समजलं? आता ऊठ आणि जेव.”

अप्पा दाराच्या चौकटीला धरून उभे होते. त्यांना खोकला आला, आणि तो खोकला नेहमीपेक्षा बराच वेळ चालला. मी त्यांच्याकडे बघितलं नाही. बघायचं नसतं तेव्हा.

बॉन-हो दोन वाडगी जेवला. जेवता जेवता म्हणाला, टोप देता येत नाही, नाहीतर आणला असता. अप्पा म्हणाले, “देता आला असता तरी घेतला नसता. नंबर तुझा होता.” मग जरा वेळाने, “दिसतो कसा डोक्यावर? दाखव तरी.”

हॉलमध्ये येऊन त्याने आपला लढवय्या उघडला. जुनी खाणवाली मंडळी खुर्च्या ओढून बसली. टोप खरंच सुंदर होता. लाल खड्याचा उजेड भिंतींवर पडत होता. अप्पांनी चष्मा नाकावर सरकवून तो मागून, पुढून, बाजूने बघितला. “माझ्या चित्रात शिंगं जरा मोठी होती,” म्हणाले. त्यांच्या तोंडावर इतकं समाधान होतं की वाटावं, टोप त्यांच्याच डोक्यावर आहे.

मग बॉन-होने तो लढवय्या बंद केला आणि नवा काढला. रिकाम्या हाताचा, अनवाणी.

“हे काय?” रश्श्याचा डाव हातात घेऊन मागे उभी राहिलेली इमो म्हणाली.

“तुम्हाला पहिल्यापासून सुरू करायचंय ना? एकट्या कशा जाणार?”

“मी म्हटलं का सुरू करायचंय?”

“नाही करायचं?”

इमोने डाव माझ्या हातात दिला. “रश्श्याकडे बघ गं जरा,” म्हणाली आणि खुर्चीत बसली. अप्पांनीही कोपऱ्यातली खुर्ची ओढली आणि नवा लढवय्या काढला. मी रश्श्याकडे बघायला कुणालातरी पाठवलं आणि चौथी झाले. ढाल नाही, टोप नाही, चार उघडे लढवय्ये पहिल्या तळघरात. सगळ्यात आधी अप्पाच मार खाऊन पळत सुटले आणि मागची मंडळी टाळ्या पिटू लागली.

उघड्या अंगाला आता साध्या वस्तूंचंही मोल, म्हणून त्यांनाही नंबर. इमोचा, अप्पांचा, माझा होऊन गेला आणि एका सापळ्यातून निळं काहीतरी पडलं. नंबर बॉन-होचा होता. त्याने हात वर केले.

“अजुम्मा, तुम्ही घ्या.”

“का? मी भिकारी आहे? नंबर कुणाचा?”

“माझा, पण...”

“मग उचल की! लाजायला काय सासुरवाडीला आलायस?”

त्याने उचललं. निघाली ती एक टोपली-टोपी, बुजगावण्याला घालतात तसली. त्याने घातली. सोलचा तो नामांकित तिरंदाज ती टोपी घालून संध्याकाळच्या बसच्या वेळेपर्यंत आमच्याबरोबर फिरला, आणि एवढं हसलेलं माणूस माझ्या हॉलमध्ये मी कधी बघितलं नव्हतं.

सोलला गेल्यावर त्याने खेळणाऱ्यांच्या इंटरनेटवरच्या फळ्यावर सगळं लिहिलं, स्वतःच्या जुन्या झडपांसकट. तेव्हापासून ‘दुसरी पाळी’त घ्या म्हणून कुठून कुठून निरोप यायला लागले. नंबर लावून खेळणाऱ्या टोळ्या इतर शहरांतही निघाल्या. काहीजण तर थेट तेबेकला आले. आधी खानावळीत जेवले, मग हॉलमध्ये बसले. मी कारखान्यातून हात हलवत परत आले होते तेव्हा गावात मान खाली घालून चालायची. त्या हिवाळ्यापासून तशी चालले नाही. कुणी विचारलं, तू काय करतेस, तर मी सांगते, मी दुसऱ्या पाळीत आहे.

आणि अप्पा? अप्पा दर रविवारी सार्वजनिक स्नानगृहात जात. गरम वाफेत छाती जरा मोकळी व्हायची आणि त्याबरोबर तोंडही. गळ्याएवढ्या पाण्यात बसून ते ती लढाई सांगत. बायकांची बाजू भिंतीपलीकडे. भिंत छतापर्यंत नव्हती, त्यामुळे मला आणि इमोला अक्षर न्‌ अक्षर ऐकू यायचं.

“...आणि एकटी बाई,” अप्पा सांगत होते, “एकटी! समोर पन्नास राक्षस. पन्नास! आणि ती मागे सरकली नाही. असली माणसं असतात माझ्या पाळीत.”

इमोने पाठ घासायचं थांबवून भिंतीकडे तोंड केलं.

“पन्नास कुठले हो, मुकादम?” ती ओरडली. “शंभर होते, शंभर!”